झॅन्थन गम आणि तो बनवणारा जंतू: महापेच्या लॅबमध्ये सतत विचारले जाणारे प्रश्न

मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या फर्मेंटेशन लॅबमध्ये काम करते, राहायला ठाण्यात. सकाळी घणसोलीला उतरून शेअर रिक्षात बसेपर्यंत फोनवर कुणी ना कुणी काहीतरी विचारलेलं असतंच, कधी टीवायची पोरं, कधी बेकरीवाले, कधी सॉस बनवणारे छोटे कारखानदार, आणि घरी सासूबाई तर आहेतच. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळी.

सॉसच्या बाटलीवर आयएनएस ४१५ लिहिलेलं असतं ते काय?

आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय नंबर, आणि ४१५ म्हणजे झॅन्थन गम. एक बॅक्टेरिया साखर खातो आणि अंगाबाहेर चिकट पदार्थ सोडतो, तो वेगळा काढून, वाळवून, दळून केलेली पांढुरकी पावडर. लिटरभर सॉसला दोन-तीन ग्रॅम म्हणजे डोक्यावरून पाणी. याची गंमत अशी की नुसता ठेवला तर घट्ट, ढवळला की पातळ, सोडला की परत घट्ट. वडापावच्या गाडीवर सॉसची बाटली उलटी धरली तर काही येत नाही आणि बुडावर थाप मारली की भसकन अर्धी बाटली प्लेटमध्ये, ते हेच. त्यात टोमॅटोच्या गराचाही हात असतो म्हणा, पण गाडीवरच्या सॉसमध्ये टोमॅटो किती असतो ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

शिवाय मीठ, आंबटपणा, उकळणं, यातलं काहीही याला फारसं बाधत नाही. कॉर्नफ्लॉवरचं सूप दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं, हा सोडत नाही.

म्हणजे आपण बॅक्टेरिया खातो?

नाही हो. फर्मेंटेशन, म्हणजे जंतू वाढवून गम करून घेणं, संपलं की सगळा घोळ तापवून जंतू मारतात, मगच गम काढतात. दही खाताना मात्र वाटीमागे कोट्यवधी जिवंत जंतू गिळतो, तेव्हा कुणी विचारत नाही.

हा कोबीच्या रोगाचाच जंतू ना?

हो, तोच. झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस. कोबी-फ्लॉवरवर जो घाण्या रोग पडतो, पानाच्या कडेपासून आत शिरणारा पिवळा त्रिकोण आणि त्यात काळ्या पडलेल्या शिरा, तो याचाच प्रताप. तुर्भ्याच्या एपीएमसीत पावसाळ्यात कोबीची वरची पानं सोलून टाकलेली असतात ना, त्या ढिगात नीट बघितलंत तर असं एखादं पान सापडेलही. पानाच्या कडेला पाणी सोडणारी बारीक छिद्रं असतात तिथून तो आत घुसतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये हाच गम भरून त्या तुंबवतो. डाळिंबावरचा तेल्या पण याच्याच भावकीतला. माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, तिला मी काय काम करते ते सांगितलं तर म्हणाली, आमचा सत्यानाश करणारं खानदान तू दूध पाजून वाढवतेस होय. माणसाला मात्र याच्यापासून रोग होत नाही.

स्वतःसाठी तो गम बनवतो कारण पानावर ऊन-वाऱ्यात सुकून मरू नये आणि चिकटून राहता यावं. आपण फक्त त्याच्या त्या सवयीचा फायदा घेतो.

हे शोधलं कुणी?

अमेरिकेच्या कृषी खात्याची इलिनॉयमध्ये पिओरिया गावात प्रयोगशाळा आहे, तिथे १९५० च्या दशकात अ‍ॅलीन जीन्स या बाईंच्या टीमने. त्याआधी त्या डेक्स्ट्रान नावाच्या दुसऱ्या बॅक्टेरियल गमवर काम करत होत्या. १९६० च्या दशकात केल्को कंपनीने तो बाजारात आणला, १९६९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने खाण्यात वापरायला परवानगी दिली. त्यांचा तो मूळ स्ट्रेन (जंतूचा वाण), बी-१४५९, अजून जगभर वापरात आहे.

प्रोजेक्टसाठी कल्चर (वाढवलेला जिवंत जंतू) कुठून आणू?

पुण्याला पाषाणमध्ये एनसीएल या सरकारी रसायन प्रयोगशाळेचं एनसीआयएम आहे किंवा चंदीगडचं एमटीसीसी, दोन्ही जंतू जपून ठेवणाऱ्या पेढ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर मागवा. मित्राच्या स्लँटवरून (टेस्ट ट्यूबमध्ये वाढवलेल्या जंतूवरून) उचलून आणू नका, त्याचं कारण सांगते. हा जंतू सारखा सारखा एका प्लेटवरून दुसरीवर नेला की आळशी होतो, गम बनवायचंच सोडतो. गम बनवणं हा त्याच्यावर खर्च आहे, प्लेटवर आयतं खायला मिळतंय म्हटल्यावर जे न बनवणारे असतात ते पटापट वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. ओळखायचं कसं, तर चांगली कॉलनी (प्लेटवरचा जंतूंचा ठिपका) पिवळी, फुगीर, मधाचा थेंब पडल्यासारखी चकचकीत असते, लूपने (तारेच्या कडीने) उचलली तर तार निघते. चपटी, कोरडी, लहान कॉलनी दिसली की ती टाळायची. आल्या आल्या ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये मिसळून गोठवायचा साठा) करून उणे ८० डिग्रीला ठेवा आणि प्रत्येक बॅचला तिथूनच नवीन काढा. लोक मीडियम (जंतूचं खाणं) बदलत बसतात सहा-सहा महिने आणि गडबड कल्चरमध्येच असते.

मीडियममध्ये काय घालायचं?

साखर भरपूर, नायट्रोजन बेताचा, हे एक सूत्र. नायट्रोजन जास्त दिला की तो नुसती प्रजा वाढवतो, कमी पडला की वाढ थांबते पण साखर शिल्लक असेपर्यंत गम बनवत राहतो. साखर लिटरला २० ते ४० ग्रॅम, ग्लुकोज किंवा साधी साखर दोन्ही चालतं. याच्या पुढे साखर वाढवली म्हणजे गम वाढेल असं वाटतं पण तसं होत नाही, उलट दबतो. सोबत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा अमोनियम मीठ, फॉस्फेट, थोडं मॅग्नेशियम. आणि साखर वेगळी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करा बाई/भाऊ, सगळं एकत्र शिजवलं की कॉफीच्या रंगाचं होतं आणि मग विचारता मॅडम आमचा गम तपकिरी का आला.

टेम्परेचर आणि पीएच?

२८ ते ३० डिग्री. वाढीला थोडं थंड आवडतं आणि गमला थोडं गरम, म्हणून मधलं धरायचं. तापमान वाढवत गेलं तर ग्रॅम वाढतात पण गमच्या साखळीवर जो पायरुव्हेट नावाचा छोटा गट लटकलेला असतो तो कमी होतो आणि त्याचा परिणाम घट्टपणावर होतो. पीएच ७ च्या आसपास. गम स्वतःच आम्लधर्मी असल्यामुळे पीएच आपोआप घसरत जातो, त्यामुळे फर्मेंटरमध्ये (पंखा आणि हवेची सोय असलेल्या मोठ्या भांड्यात) अल्कली डोसिंग लावायचं. फ्लास्कमध्ये पीएच धरून ठेवायला फॉस्फेटवर भिस्त.

फ्लास्कमध्ये मस्त येतो, फर्मेंटरमध्ये गेलं की बोंब. का?

हा खरा प्रश्न आहे आणि बाकी सगळे प्रश्न मला विचाराल तर याच्या आजूबाजूचेच आहेत.

या जंतूला ऑक्सिजन लागतोच, त्याशिवाय त्याचं पानही हलत नाही. आणि तो जे बनवतो त्यानेच ऑक्सिजनची वाट अडते. पहिल्या दिवशी ब्रॉथ (जंतू ज्यात वाढतोय तो घोळ) ताकासारखा पातळ असतो, हवेचे बुडबुडे बारीक बारीक होऊन सगळीकडे पसरतात. दुसऱ्या दिवशी कढीसारखा. तिसऱ्या दिवशी तुम्ही भांड्याच्या काचेतून बघा, खीर झालेली असते, बुडबुडे एकमेकात मिसळून मोठे फुगे होतात आणि डबक्यातल्या चिखलातून येतात तसे बुडुक बुडुक करून सरळ वर निघून जातात, हवा जेवढी सोडाल तेवढी वाया. म्हणजे तुम्ही जेवढे यशस्वी होताय तेवढे अडकत जाताय.

त्यात वर सांगितलेला तो गुण, ढवळलं की पातळ आणि सोडलं की घट्ट, तो इथे उलटतो. पंख्याजवळ ब्रॉथ पातळ होऊन गरागरा फिरतो आणि भिंतीजवळ तो घट्ट, स्थिर. आमच्याकडे सुरुवातीच्या काळात हे असं झालं होतं, डीओ प्रोब (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारी कांडी) दाखवत होता सगळं छान, मी निर्धास्त घरी गेले, सकाळी गम निम्मासुद्धा नाही. प्रोब पंख्याच्या लेव्हलला बसवलेला होता, तो त्याच्या आसपासच्या वाटीभर ब्रॉथची खबर देत होता आणि उरलेलं अख्खं भांडं गुदमरत होतं. आमचे ऑपरेटर काका, शिक्षण बारावी, त्यांनी रात्री साइट ग्लासमधून बघून डायरीत लिहून ठेवलं होतं, "कडेचा माल हलत नाही." मी डायरी वाचलीच नाही, ग्राफ बघितला. तेव्हापासून मी आधी डायरी वाचते.

उपाय म्हणाल तर, एक, आरपीएम (पंख्याचे मिनिटाला फेरे) सुरुवातीपासून एकच ठेवायचा नाही, ब्रॉथ घट्ट होईल तसा चढवत न्यायचा. दोन, पंखे मोठे आणि एकापेक्षा जास्त, भांड्याच्या व्यासाच्या निम्म्याच्या वर गेलेले बरे, छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा मध्यम वेगाने फिरवणं केव्हाही फायद्याचं. तीन, हवा प्रमाणाबाहेर सोडायची नाही, पंखाच हवेत बुडतो आणि मग काहीच ढवळलं जात नाही. चार, बिया म्हणजे इनॉक्युलम ५ ते १० टक्के आणि ताजं, जास्त वेळ ठेवलेलं सीड आधीच गमात लडबडलेलं असतं, पुढे उठायला वेळ लावतं. आणि एका मर्यादेनंतर थांबायचं. लिटरला २५-३० ग्रॅमच्या आसपास गेल्यावर पुढच्या प्रत्येक ग्रॅमसाठी मोटर एवढी वीज खाते की बिल बघून डोळे पांढरे होतात. तीन-चार दिवसांत बॅच उतरवा, नवीन लावा.

मग शेकर फ्लास्कवर (हलवत्या यंत्रावर ठेवलेल्या फ्लास्कवर) ऑप्टिमायझेशन करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण कशासाठी ते कळलं पाहिजे. मीडियममध्ये कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली फालतू हे चाळून काढायला फ्लास्क उत्तम. हवा, ढवळणं, वेळ, यांची फ्लास्कवर काढलेली "बेस्ट" व्हॅल्यू फर्मेंटरला लागू होत नाही, ती तिथे परत काढावी लागते. थिसिसमध्ये लोक शेकरवर २०० आरपीएम सगळ्यात चांगला असं लिहितात, फर्मेंटरमध्ये त्या २०० ला काही अर्थच नाही.

एकेक फॅक्टर बदलून बघू की ते सॉफ्टवेअरवालं करू?

एकेक बदलून बघितलं तर साखर आणि नायट्रोजन यांचं आपसात काय साटंलोटं आहे ते कधी दिसणारच नाही, आणि इथे तर सगळा खेळ त्या साट्यालोट्याचा. आधी प्लॅकेट-बर्मन (प्रयोग आखायची संख्याशास्त्रातली एक पद्धत) लावा, १२ फ्लास्कमध्ये ११ पर्यंत फॅक्टर चाळता येतात. त्यातून जे तीन उरतील त्यावर बॉक्स-बेनकेन (तशीच पुढची पद्धत), मधले तीन रिपीट धरून १५ रन. शेकरवर एका आठवड्यात उरकतं. पण दोन चुका करू नका. मॉडेलने सांगितलेला पॉइंट प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, आणि रिस्पॉन्स (मोजायचा निकाल) म्हणून फक्त ग्रॅम धरायचे नाहीत. का ते पुढच्या प्रश्नात.

किती गम आला ते कसं मोजायचं?

ब्रॉथ पाण्याने पातळ करून सेंट्रिफ्यूजला पेशी खाली बसवायच्या (पातळ न करता लावलात तर दिवसभर फिरवा, काही बसणार नाही), वरच्या पाण्यात दोन-तीन पट आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), गम सुटा होतो तो वाळवून वजन. झालं. पण वजन हे अर्धंच उत्तर आहे. दोन बॅचमध्ये सारखेच २० ग्रॅम आले तरी एकीचा गम दुसरीपेक्षा कितीतरी घट्ट असू शकतो, कारण साखळी किती लांब आणि तिच्यावर पायरुव्हेट-अ‍ॅसिटेट किती यावर सगळं. सॉसवाला ग्रॅम विकत घेत नाही, घट्टपणा विकत घेतो. म्हणून १ टक्का गम १ टक्का पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात विरघळवून ब्रुकफील्ड या घट्टपणा मोजायच्या यंत्रावर लावायचा, बाजारात चांगल्या मालाला साधारण १२०० ते १६०० सेंटिपॉइज (घट्टपणाचं एकक) मागतात. माझ्या मते प्रत्येक रनला दोन्ही आकडे हवेतच, एकच मोजणार असाल तर व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजा.

मळी किंवा व्हे (पनीरचं पाणी) वापरून स्वस्त पडेल का?

मळी चालते पण रंग, राख, धातू सगळं सोबत येतं, ते साफ करण्यात वाचवलेले पैसे जातात. पनीरच्या पाण्यातली साखर लॅक्टोज असते, ती फोडायचं एन्झाइम या जंतूकडे नावापुरतं, त्यामुळे तसंच दिलं तर उपाशी बसतो, आधी लॅक्टेजने फोडून द्यावं लागतं. खाण्याच्या मालाला मी तरी सरळ ग्लुकोज सिरप म्हणेन.

ब्रॉथमधून गम काढणं एवढं महाग का?

कारण १०० लिटर ब्रॉथमध्ये दोन-अडीच किलो गम आणि बाकी पाणी. ते बाहेर काढायला दोनशे-तीनशे लिटर आयपीए ओतायचा आणि मग तो परत डिस्टिल करून वापरात आणायचा, नाहीतर धंदा बसला. ब्रॉथ आधी तापवला की पातळ होतो, हाताळायला बरा पडतो, थोडं मीठ घातलं तर आयपीए कमी लागतो. आयपीए साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेतो, त्यामुळे आमच्याकडे त्या खोलीत मोबाइल नेला तरी काका हाकलून देतात. तयार मालात तो किती उरला तेही बघतात, युरोपात किलोला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको.

बाकी बघायला हाच टप्पा सगळ्यात भारी. अल्कोहोलची धार पडते आणि त्या पिठूळ पाण्यातून एकदम पांढरे धागे वर येतात, काचेच्या कांडीवर गुंडाळले जातात, जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखे. पहिल्यांदा बघणारी इंटर्न पोरगी हमखास मोबाइल काढते आणि काका तिला हमखास ओरडतात.

बॅक्टेरियाचे असे दुसरे कोणते गम आहेत?

जेलान (आयएनएस ४१८), पाण्यातल्या एलोडिया नावाच्या वनस्पतीवर सापडलेल्या जंतूचा, बदामाच्या दुधात बदाम खाली बसू नये म्हणून घालतात. कर्डलान जपानचा, तापवला की सेट होतो. डेक्स्ट्रान तर आपल्या साखर कारखान्यांची डोकेदुखी, तोडलेला ऊस गाडीत दोन दिवस पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक नावाचा जंतू त्यात डेक्स्ट्रान करतो आणि रस चिकट होऊन गाळताना, साखर धरताना त्रास. नाटा डी कोको हा नारळपाण्यावर वाढवलेला बॅक्टेरियाचा सेल्युलोज, फिलिपिन्सचा. कोकणात एवढं नारळपाणी असून आपल्याकडे कुणी हे मनावर घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

दह्याला तार सुटते ती पण हीच का?

भावंड म्हणा. विरजणातले काही जंतू स्वतःचा गम बनवतात, पण लिटरला मिलिग्रॅममध्ये. तेवढ्यानेही दही घट्ट लागतं आणि पाणी सोडत नाही, म्हणून डेअरीवाले मुद्दाम असे स्ट्रेन निवडतात आणि पाकिटावर कुठलाही थिकनर लिहावा लागत नाही. सासूबाईंचं मत, बुळबुळीत दही म्हणजे विरजण बिघडलं, फेकून दे. वास-चव चांगली असेल तर फेकायची गरज नाही, पण हे मी घरी बोलत नाही.

घरी बनवता येईल का?

नाही. दुसऱ्याच कुठल्या जंतूने शिरकाव केला तर ते तुम्हाला कळणार नाही, आणि किचनमध्ये आयपीए तर अजिबात नको. ५० ग्रॅमची पुडी आणा, वर्षभर पुरते.

पावडर पाण्यात टाकली की गुठळ्या होतात, काय करू?

पिठलं करताना बेसन एकदम उकळत्या पाण्यात ओतलं तर जे होतं तेच. बाहेरून ओलं, आतून कोरडं. आधी चमचाभर तेलात कालवा किंवा पाचपट साखरेत कोरडंच मिसळा, मग पाणी ढवळत ढवळत भुरभुरवा. गवारगमसोबत वापरला तर दोघं मिळून जास्त घट्ट करतात, त्यामुळे प्रमाण कमी करा. जास्त झाला तर सॉस शेंबडासारखा ओढला जातो, दुसरा शब्द नाही.

व्हेज आहे का? उपासाला चालतो?

प्राण्यापासून नाही, त्यामुळे हिरवा ठिपका. लॅबमधल्या मीडियमचा पेप्टोन (प्रथिनं फोडून केलेलं जंतूचं खाणं) कधी कधी मांसापासूनचा असतो, म्हणून खाण्याच्या मालासाठी सोया किंवा यीस्टचा वापरतात, सप्लायरकडून लेखी घ्या. उपासाचं तुमचं तुम्ही ठरवा, साबुदाणा चालतो तर माझी हरकत नाही.

लहान मुलांना?

मोठ्यांना आणि मोठ्या मुलांना नेहमीच्या खाण्यातून काही प्रॉब्लेम नाही, जास्त झाला तर पोट फुगतं किंवा साफ होतं एवढंच. पण दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला दूध घट्ट करायला हा अजिबात देऊ नका. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आतड्याच्या गंभीर आजाराच्या केसेसनंतर तसा इशारा दिला होता. गिळायला त्रास असलेल्या आजी-आजोबांना डॉक्टर स्वतःच असा थिकनर सांगतात, तिथे किती घट्ट ते डॉक्टर किंवा थेरपिस्ट ठरवतील.

पावसाळ्यात पुडीचा दगड झाला, फेकू का?

नवी मुंबईची जुलैतली हवा आहे, होणारच. वास आणि रंग ठीक असेल तर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात साखरेबरोबर फिरवा आणि लगेच वापरून टाका. पुढची पुडी फोडल्यावर काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, आणि चमचा कोरडा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढली की घाम फुटतो तिला.